एका ठोक्याची घंटी

त्याने सातव्या सायकलची घंटी वाजवली, मान कलती करून ऐकली आणि आठवीकडे वळला.

"काका," दुकानाची मालकीण शेवटी म्हणाली, "सायकल घ्यायचीय की घंटी?"

"सायकलच घ्यायचीय. सुरुवात घंटीपासून करतोय."

मालकिणीच्या अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला होता आणि कोपरापर्यंत हात काळे होते. वीस वर्षांत तिने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. कोणी रंगावर जायचं, कोणी दहा सायकलींची टायरं दाबून अकरावी घ्यायचं, टायर दाबून काय कळतं हे मात्र कोणालाच ठाऊक नसायचं. पण साठीचा, इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टातला हा माणूस ब्रेकला हात लावत नव्हता, सीटवर बसून बघत नव्हता. नुसता घंट्या वाजवत फिरत होता.

"चालवता येते ना पण?"

"नाही."

हे त्याने इतकं बिनधास्त सांगितलं, की मालकीणच जरा ओशाळली.

"कधीच नाही चालवली?"

"कधीच नाही. बस चालवली. बत्तीस वर्षं. एक ओरखडा नाही."

बस डेपोत ड्रायव्हरला सगळे पायलट म्हणायचे. बाकीच्यांचं ते नाव निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर डेपोतच राहिलं. याला ते चिकटलं ते चिकटलंच. घरच्या दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा तो पायलट. सायकल शिकायच्या वयात तो वडिलांच्या ट्रकमध्ये शेजारी बसून त्यांचे गिअर पाठ करत होता. त्यामुळे दोन चाकांची पायरी राहूनच गेली आणि गडी एकदम सहा चाकांवर जाऊन बसला. याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आजही वाटत नव्हतं. राहिलेली गोष्ट करून टाकायची, एवढाच मामला होता.

त्याने आठवी घंटी दाबली. ती किणकिणत सुटली आणि थांबायचं नाव घेईना.

"ही नको. एकदा दाबली की दहादा वाजते."

"अहो, चांगलंच आहे की! गर्दीत ऐकू जाते."

"एकदा दाबली की एकदाच वाजली पाहिजे, ताई. मोजता आली पाहिजे."

मालकिणीने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करत नव्हता. मग तिने दुकानाच्या मागच्या अंगाला जाऊन एक धूळ बसलेली सायकल ढकलत आणली. हँडलवर पितळेची वाटीएवढी घंटी होती आणि तिला बाहेरून एक छोटी दांडी. पायलटने दांडी बोटाने मागे ओढली आणि सोडली.

टण.

एकच ठोका. गोल, स्वच्छ, आणि मग शांतता. पायलटचा चेहरा उजळला.

"हीच. ही बांधून द्या."

"काका, ही दहा वर्षांच्या मुलीची सायकल आहे."

"असू दे."

"तुमचे गुडघे हनुवटीला लागतील!"

"होईल सवय."

मालकिणीने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. अंबाड्यातून स्क्रूड्रायव्हर उपसला, हँडलपाशी चार वेळा फिरवला आणि ती घंटी त्याच्या तळहातावर ठेवली. पायलट बघतच राहिला. त्याच्या बसमध्ये घंटी छताला ठोकलेली असायची आणि तिची दोरी मागच्या दारापर्यंत गेलेली. घंटी गाडीपासून वेगळी होऊ शकते, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"निघते?"

"एका स्क्रूवर तर असते. कुठेही लावा. धरायला नळी असली की झालं."

मग खरी सायकल निवडली ती मालकिणीनेच. त्याला भिंतीशी उभं करून पायाची उंची बघितली आणि मधला दांडा खाली वाकलेली एक राखाडी सायकल पुढे केली. "यात टांग मारायला नको. आतून पाय काढायचा. आणि शिकेपर्यंत सीट खालीच ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत." पायलटने सायकलीभोवती एक पूर्ण फेरी मारली, दोन्ही टायरांना बुटाने ठोकर दिली, पुढचा-मागचा दिवा तपासला आणि वाकून खाली तेल गळतंय का तेही बघितलं.

"या वयात हौस म्हणायची," मालकीण घंटी बसवता बसवता हसत म्हणाली.

"हौस नाही, ताई. ड्यूटी आहे."

ड्यूटी म्हणजे मास्तर. मास्तर म्हणजे त्याच्या बसचे कंडक्टर. बावीस वर्षं दोघं एकाच बसवर, एकाच मार्गावर होते. पायलट पुढे, मास्तर मागे. दोघांच्या मध्ये चाळीसेक माणसं आणि छताला लागून गेलेली एक दोरी. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मास्तरांच्या उजव्या हातात तिकिटांचं मशीन असायचं, म्हणून दोरी ते कायम डाव्या हाताने ओढायचे. त्या ओढण्यावरून पायलटला कळायचं की आज मास्तर खुशीत आहेत की घरून भांडून आलेत. दोन ठोक्यांमध्ये अंतर जास्त पडलं तर कोणी म्हातारं माणूस अजून जागेवर बसतंय, गाडी हळू सोडायची. आणि एक गोष्ट डेपोभर प्रसिद्ध होती: मास्तरांनी वेळेआधी गाडी कधी सोडली नाही. बस रिकामी असो, वरून साहेब ओरडोत, घड्याळाचा काटा पोचल्याशिवाय दुसरा ठोका नाही.

चार महिन्यांपूर्वी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या माणसांनी रोज बसावं, कशाने दार उघडेल सांगता येत नाही. पण मास्तर नदीपलीकडे राहायचे आणि जुना पूल कमकुवत झाला म्हणून त्याच्या दोन्ही तोंडांशी लोखंडी खांब रोवले होते. माणूस जाईल, सायकल जाईल, बाकी काही नाही. बस नव्या रस्त्याने लांबून जायची, मध्ये दोनदा बदलावी लागायची. पायलटचे गुडघे पाच किलोमीटर चालू देईनात. चार महिन्यांत तो जेमतेम पाच-सहा वेळा जाऊन आला होता. दर वेळी मास्तर त्याच्याकडे बघायचे आणि त्या नजरेत तो नसायचाच. "ओळखत नाहीत हो कोणाला," वहिनी म्हणायच्या. पायलटला हे पटत नव्हतं. बावीस वर्षं ज्या माणसाच्या एका इशाऱ्यावर गाडी थांबवली आणि सोडली, तो माणूस आत कुठेतरी आहे की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि त्यासाठी रोज जायचं होतं.

शिकवायचं काम सुनेने अंगावर घेतलं. ती तलावावर पोहायला शिकवायची. पन्नाशीतल्या बायकांनाही तिने पाण्यात ढकललं होतं, तेव्हा सासऱ्याला सायकलवर बसवणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. शाळा भरायच्या आधी शाळेमागच्या मैदानात दोघं जायची. सुनेच्या गळ्यात तिची शिट्टी.

"बाबा, मी शिट्टी मारली की पॅडल दाबायचं. घाबरायचं नाही."

"घाबरतंय कोण?"

तिने शिट्टी मारली. पायलटने दोन्ही ब्रेक करकचून दाबले.

"अहो, निघायचं होतं!"

"शिट्टी वाजली."

"म्हणून तर निघायचं!"

"बत्तीस वर्षं शिट्टी वाजली की थांबलोय मी. ती हवालदाराची असते."

तिने एक-दोन-तीन म्हणून पाहिलं. 'चला' म्हणून पाहिलं. मागून ढकलूनही पाहिलं. पायलट पाय रोवून उभा. तोल जाण्याची भीती नव्हती. पाय उचललाच जात नव्हता. शेवटी तो जरासा खाकरला.

"घंटी दे. दोनदा."

"ती तुमच्या हाताशीच आहे की."

"ड्रायव्हरने स्वतःची घंटी स्वतः मारायची नसते."

"का बरं?"

"मागे कोण चढतंय, कोण उतरतंय, त्याला काय दिसतं? आपण निघायचं कधी, हे आपण ठरवायचं नसतं."

सून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. थट्टा जिभेवर आली होती, ती तिने गिळली. हात लांब करून तिने घंटीची दांडी दोनदा ओढली. टण, टण. पायलटचा उजवा पाय आपोआप खाली गेला, डावा वर आला आणि सायकल सरळ निघाली. दहा-बारा हात गेली आणि मग कुंपणाच्या मेंदीत शिरली.

"मस्त!" सून ओरडली. तलावावरही ती असंच ओरडायची, समोरचा बुडत असला तरी.

वळण ही मात्र डोकेदुखी झाली. वळायचं म्हटलं की पायलट आधी विरुद्ध बाजूला भलताच लांब जायचा आणि मग अख्खं मैदान व्यापणारा वळसा घ्यायचा. मागची तीस फूट गाडी अजून यायची आहे, हे त्याच्या खांद्यांतून जाईना.

"बाबा, मागे काही नाहीये! मागे फक्त मागचं चाक आहे!"

"माहितीये मला," तो म्हणायचा आणि पुढच्या वेळी तेवढाच मोठा वळसा घ्यायचा.

घरी आल्यावर तो मुलाला अहवाल द्यायचा. "आज दोन अपघात. मनुष्यहानी नाही." एका कोपराचं सालटं निघालं, एक पँट फाटली. नवव्या दिवशी त्याने न पडता मैदानाला पाच फेऱ्या मारल्या आणि दहाव्या दिवशी दुपारी, सुनेने फाटकाशी उभं राहून दोन घंट्या दिल्यावर, तो एकटा पुलाकडे निघाला.

पुलाच्या तोंडाशी उतरून त्याने सायकल खांबांमधून नेली आणि परत बसला. इथे घंटी द्यायला कोणी नव्हतं. त्याने आजूबाजूला बघितलं, मनातल्या मनात मास्तरांची माफी मागितली आणि स्वतःच दोनदा दांडी ओढली. खाली नदी, वर मोकळा पूल. हजारो वेळा इथून गेलो, पण नदीला वास असतो हे आज कळलं, असं त्याला वाटलं. तो खुशीत होता. सायकल हा काही फार मोठा प्रकार नाही, असं त्याचं मत व्हायला लागलं होतं.

मास्तर व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीत बसलेले होते. समोर तीन पायऱ्या, मग फाटक, मग रस्ता. त्यांची बस पूर्वी याच रस्त्याच्या टोकाहून परत फिरायची, रोज पाच वाजता. पायलट स्टूल ओढून त्यांच्या समोर बसला.

"मास्तर, सायकलवर आलो. मी. पुलावरून."

मास्तरांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. पायलट तासभर बोलत राहिला. डेपोतल्या गोष्टी सांगितल्या, सुनेची शिट्टी सांगितली. वहिनी पोट धरून हसल्या. मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मनाला लावून घेऊ नका, भाऊजी," वहिनी फाटकापाशी म्हणाल्या. "परवा मुलगी आली होती. तिलाही नाही ओळखलं."

"आज पहिलाच दिवस आहे, वहिनी."

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी बोलता बोलता पायलटच्या लक्षात आलं, की मास्तर जरा डावीकडे झुकलेत. त्याने स्टूल सरकवलं. थोड्या वेळाने मास्तर उजवीकडे कलले. ते त्याच्याकडे बघायचं टाळत नव्हते. तो मध्ये येत होता. त्यांना रस्ता बघायचा होता.

पायलटने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत आपण मास्तरांच्या समोर बसलो कधी? ड्यूटीवर तो पुढे, ते मागे. डबा खायचा तोही गाडीच्या पायरीवर, शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून. मास्तरांना त्याचा चेहरा किती ठाऊक असणार? त्यांना ठाऊक होती ती त्याची पाठ.

तो उठला. स्टूल उचलून त्याने फिरवलं आणि मास्तरांच्या पुढे, त्यांच्याकडे पाठ करून, पायऱ्यांच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून बसला.

"हे काय भाऊजी?" वहिनींनी विचारलं. "रुसलात की काय?"

"जागेवर बसलो, वहिनी. स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?"

सायकलवरची घंटी काढायला त्याला पाच मिनिटं लागली, मालकिणीसारखा हात नव्हता. ती त्याने मास्तरांच्या खुर्चीच्या डाव्या नळीवर बसवली, हात टेकतो तिथून वीतभर पुढे. मास्तरांचा हात धरून तो घंटीवर वगैरे ठेवला नाही. कंडक्टरला दोरी दाखवायची नसते.

त्या दिवसापासून क्रम ठरला. चारला यायचं, पाठ करून बसायचं, रस्त्यावर जे जाईल त्याच्याबद्दल अधूनमधून बोलायचं. पाचला उठायचं, सायकल पायऱ्यांच्या खाली फाटकाकडे तोंड करून लावायची, एक पाय पॅडलवर ठेवायचा आणि थांबायचं. मागे वळून बघायचं नाही.

"भाऊजी, निघताय ना?"

"घंटी व्हायचीय."

दोन मिनिटं, तीन मिनिटं तो तसाच उभा राहायचा. मग म्हणायचा, "मास्तर, टाइम झाला. काढतो गाडी." आणि निघायचा. वाईट वाटायचं. खोटं कशाला सांगा, पूल येईपर्यंत वाटतच राहायचं. पण पुलावर वारा लागला की तो पुन्हा ताळ्यावर यायचा. मास्तर गाडी लेट करतील, पण अर्ध्यात सोडून जाणार नाहीत, असं तो सुनेला सांगायचा आणि सून मान डोलवायची. तिने त्याच्यासाठी दुसरी घंटी आणून सायकलला लावली होती, तीही एकाच ठोक्याची. दुकानाच्या मालकिणीने म्हणे ती कुठूनशी खास मागवली होती.

अशा फेऱ्या चालू होऊन तिसरा आठवडा लागला होता. त्या दिवशी पायलटची दाढ सकाळपासून ठणकत होती. दातांच्या डॉक्टरने पाचला बोलावलं होतं. उशीर केलात तर आज बघणार नाही, अशी तंबीही दिली होती. तो चारला आला, स्टुलावर बसला, गाल धरून जेमतेम अर्धा तास काढला आणि उठला.

"वहिनी, आज लवकर निघतो. दाढेने जीव खाल्लाय."

"जा, जा. दाढेचं दुखणं वाईट," वहिनी आतून म्हणाल्या. नळ चालू होता, त्या भांडी घासत होत्या.

पायलटने सायकल लावली. पाय पॅडलवर ठेवला. फाटक उघडं होतं, रस्ता मोकळा होता. आज थांबण्यात अर्थ नव्हता, पण सवय म्हणून तो थांबला.

टण.

त्याच्या उजव्या पायात जोर आला. सगळं अंग पुढे झुकलं. कान मात्र मागे राहिले, दुसऱ्या ठोक्यासाठी.

आतला नळ बंद झाला. वहिनी ओल्या हातांनीच धावत बाहेर आल्या.

"वाजवली! भाऊजी, यांनी वाजवली! ऐकलंत?" त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. "जा म्हणतायत तुम्हाला! अहो, निघा म्हणतायत!"

पायलट हलला नाही. दुसरा ठोका येतोय का याची त्याने पुरती वाट बघितली. एका ठोक्याचा आवाज व्हरांड्यात विरत गेला आणि मग काहीच नाही. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. साडेचार.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "एकच आहे."

त्याने पॅडलवरचा पाय काढला, सायकल स्टँडवर लावली आणि पायऱ्या चढून आला. मास्तरांकडे बघायला तो थांबला नाही. स्टूल होतं तिथेच होतं. मास्तरांकडे पाठ करून तो रस्त्याकडे तोंड करून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"चहा टाका, वहिनी," तो म्हणाला. "गाडीला अजून अर्धा तास आहे."